व्हिसा आला नाही, राजीनामा मात्र मंजूर झाला

जळगावच्या एमआयडीसीत पाइपच्या कारखान्यात एक मेंटेनन्स फिटर. नोकरीला सव्वाचार वर्षं झालेली, बेसिक आणि डीए मिळून २२,००० रुपये. त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर कॅनडातल्या एका फूड प्लांटचं ऑफर लेटर आलं. एजंट ओळखीतल्याच्या ओळखीचा, गाळ्यावर बोर्ड लावून बसलेला. आधी १५,००० ‘फाइल ओपनिंग’चे घेतले. मग ६२,००० ‘एलएमआयए’चे. त्यानंतर एजंटचा आवाज बदलला. “दादा, जॉइनिंग पुढच्या महिन्यात आहे. एम्बसीला कंपनीचं रिलीव्हिंग दाखवावं लागतं. तुम्ही राजीनामा टाका, मी इकडून फाइल पुढे सरकवतो.”

राजीनामा गेला. नोटीस पिरियड एक महिन्याचा. पंधराव्या दिवशी ‘व्हिसा अप्रूव्ह्ड’ लिहिलेली पीडीएफ आली आणि तिच्या मागोमाग १,८०,००० रुपयांची मागणी. त्यातले १,२०,००० त्याने कामगारांच्या पतपेढीतून काढले, जामीनदार म्हणून सोबतच्या दोघांच्या सह्या घेतल्या. शेवटच्या दिवशी मित्रांनी मळ्यात भरीत-पुरीची पार्टी दिली, गावात ‘पोऱ्या परदेशम्हा जाई राह्यना’ हे घरोघरी झालं. नोकरी सुटल्यावर नवव्या दिवशी तिकिटाचे ४८,००० मागितले गेले, तेव्हा पुण्याहून आलेल्या भाच्याने सहज विचारलं, “मामा, बोटांचे ठसे कुठे दिले?”

ठसे कुठेच दिले नव्हते. तिथेच सगळं उघडं पडलं. हा प्रकार एकट्याचा नाही. भुसावळ, चाळीसगाव, धुळे, शहादा, कुठेही जा, रकमा आणि देश बदलतात, क्रम तोच. म्हणून त्या क्रमाची जोडणी उलगडून ठेवतो.

पहिली गोष्ट, ६२,०००. या आकड्याने त्याला सगळ्यात जास्त फसवलं. एलएमआयए म्हणजे कॅनडातल्या मालकाने तिथल्या सरकारकडून घ्यायची मंजुरी, की या जागेवर स्थानिक माणूस मिळत नाही, बाहेरचा आणला तरी चालेल. तिची फी एका जागेला १,००० कॅनेडियन डॉलर आहे, म्हणजे तेव्हाच्या दराने रुपयांत साठ-बासष्ट हजारांच्या घरात. फिटरने इंटरनेटवर आकडा पडताळला, तो जुळला, आणि त्याला वाटलं एजंट खरा. फी खरी आहे, पण ती मालकाने भरायची असते. कामगाराकडून वसूल करायला तिथल्या नियमात बंदी आहे. पट्टीचा ठग खोटा आकडा सांगत नाही, खरा आकडा चुकीच्या माणसाकडून घेतो.

दुसरी गोष्ट, ठसे. कॅनडाच्या वर्क परमिटला बायोमेट्रिक्स लागतात. अर्ज आणि फी भरली की सरकारकडून सूचनापत्र येतं, ते घेऊन व्हिसा अर्ज केंद्रात जाऊन बोटांचे ठसे आणि फोटो द्यायचे. ते १० वर्षं चालतात, त्यामुळे पूर्वी कधी दिले असतील तर गोष्ट वेगळी. आयुष्यात कधीच दिले नसतील आणि कुणी व्हिसा मंजूर झाल्याचा कागद दाखवत असेल, तर तो कागद फाडून टाकू नका, पोलिसांना लागेल. पीडीएफवरच्या क्यूआर कोडवर विश्वास ठेवू नका. तो स्कॅन केल्यावर ठगाचीच वेबसाइट उघडते आणि तिथे हिरव्या अक्षरांत तुमचं नाव दिसतं. खरा अर्ज असेल तर अर्ज क्रमांक आणि यूसीआय (अर्जदाराचा ओळख क्रमांक) हे दोन आकडे एजंटकडे असणारच. ते मागा आणि कॅनडा सरकारच्या साइटवर स्वतः स्थिती बघा. “पासवर्ड ऑफिसचा आहे, देता येत नाही” असं उत्तर आलं की बोलणं तिथेच थांबवा. कॅनडाच्या अर्जाचं काम पैसे घेऊन करायचा अधिकार तिथला परवानाधारक सल्लागार, तिथला वकील किंवा क्युबेकचा नोटरी अशा परवानाधारकांनाच आहे. सल्लागारांची नावं तिथल्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सच्या सार्वजनिक यादीत शोधता येतात. मालकाचंही तसंच: ज्या कंपन्यांना एलएमआयए मिळाली त्यांची यादी कॅनडा सरकार दर तिमाहीला प्रसिद्ध करतं. आणि कंपनीला फोन करायचा तो लेटरवरच्या नंबरवर नाही, कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरच्या नंबरवर.

आता मुद्दा राजीनाम्याचा. ठगाला तुमचा राजीनामा कशाला हवा? एम्बसीला नको असतो. कॅनडाच्या वर्क परमिटला अनुभवाचा पुरावा लागतो, राजीनामा स्वीकारल्याचं पत्र नाही. राजीनामा ठगाला लागतो. नोकरीवर असलेला माणूस १,८०,००० मागितले की म्हणतो, “नको भाऊ, राहू दे, मी इथे बरा आहे.” राजीनामा दिलेला माणूस तसं म्हणू शकत नाही. परतीचा पूल पडलेला असतो, घरच्यांना सांगून झालेलं असतं, पार्टी झालेली असते. म्हणून मोठी रक्कम नेहमी राजीनाम्यानंतर मागितली जाते, आधी नाही. या फिटरचे ७७,००० राजीनाम्याआधी गेले आणि १,८०,००० नंतर. तक्रार उशिरा होते तीही याच कारणाने. काही जण तर मुंबईत नातेवाइकाकडे महिना-महिना काढतात, गावात तोंड दाखवायला नको म्हणून.

आखाताचं थोडं वेगळं आहे, कारण तिथे घाई खरीही असू शकते. युएईचं नोकरीचं एंट्री परमिट निघाल्यापासून ६० दिवसांत देशात शिरावं लागतं. तुमचा नोटीस पिरियड ९० दिवसांचा असेल तर गणित बसत नाही, आणि ठग नेमकं हेच गणित पुढे करून “आजच राजीनामा टाका” म्हणतो. यावर उपाय आहे. परमिट काढण्याआधी मालकाशी जॉइनिंगची तारीख लेखी ठरवा आणि परमिट त्या हिशेबाने काढायला सांगा. इकडे कंपनीला शिल्लक रजा नोटीसमध्ये धरता येतील का, उरलेल्या दिवसांचा पगार भरून लवकर सुटता येईल का, ते नेमणूकपत्रात वाचा. बहुतेकांनी ते सहीच्या दिवसानंतर उघडलेलं नसतं. “व्हिजिट व्हिसावर चला, तिकडे बदलून घेऊ” असं कुणी म्हणालं तर राजीनाम्याचा विषयच संपला. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथे गुन्हा आहे, पकडला जातो तो कामगार.

आखाती देशांसाठी एजंट तपासणं सोपं आहे आणि तरी लोक तपासत नाहीत. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याकडे परराष्ट्र मंत्रालयाच्या यंत्रणेचं नोंदणीपत्र लागतं. ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे, तिथे नाव, पत्ता आणि परवाना चालू आहे की रद्द, तिन्ही दिसतं. पत्ता मुंबईचा आणि माणूस आपल्या तालुक्यातला असेल तर तो सबएजंट. त्याला कायद्यात जागा नाही, आणि उद्या मुंबईवाला “हा आमचा माणूसच नाही” म्हणून हात झटकतो. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० घेता येतात, तेही पावती देऊन. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे ‘एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’ असतं. त्यांना सौदी, कतार, कुवेत, ओमान, मलेशिया अशा देशांत नोकरीसाठी जाताना एमिग्रेशन क्लिअरन्स (देश सोडून नोकरीला जायची सरकारी मंजुरी) लागतो, आणि तो हातात येईपर्यंत राजीनामा द्यायचाच नाही.

मग द्यायचा कधी? व्हिसा पासपोर्टवर किंवा अधिकृत साइटवर स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्यावर, करारावर मालकाची सही असल्यावर, आणि जॉइनिंगची तारीख नोटीस पिरियडच्या पुढची लेखी मिळाल्यावर. खऱ्या परदेशी मालकाला नोटीस पिरियड म्हणजे काय ते ठाऊक असतं, एक-दोन महिने तो थांबतो. न थांबणारा सहसा मालक नसतोच.

राजीनाम्याआधी तीन कामं उरकून घ्यावीत. अनुभवाचं पत्र आधी मागा, नंतर साहेब रुसतो. कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे कायम वास्तव्यासाठी, पुढे लागणाऱ्या पत्रात नुसतं ‘काम समाधानकारक’ चालत नाही. लेटरहेडवर पद, कामाचं स्वरूप, सुरुवातीची-शेवटची तारीख, आठवड्याचे तास आणि वार्षिक पगार एवढं लागतं. दुसरं, ग्रॅच्युइटीची तारीख मोजा. कायम कामगाराला सलग पाच वर्षं भरल्यावर ती मिळते: शेवटचा बेसिक-डीए, गुणिले १५, गुणिले वर्षं, भागिले २६. या फिटरची पाच वर्षं भरली असती तर २२,००० च्या हिशेबाने ६३,४६१ रुपये आले असते. ती भरली नव्हती, म्हणून एक रुपया नाही. एजंटने “जागा भरून जाईल” म्हणून दोन वेळा घाई केली त्याची ही जास्तीची किंमत. तिसरं, पतपेढी. आपल्याकडच्या कारखान्यांत पतपेढीचा हप्ता पगारातून कापला जातो. पगार थांबला की पत्र जामीनदाराला जातं. या प्रकरणात त्या दोघांच्या पगारातून आता हप्ते जातात, आणि तिघांचं बोलणं बंद आहे.

भुसावळकडे रेल्वेत असलेल्यांनी जास्त जपावं. जुन्या पेन्शनमधल्या कर्मचाऱ्याने राजीनामा दिला की मागची सेवा जप्त होते, पेन्शन जाते. २० वर्षं झाली असतील तर स्वेच्छानिवृत्तीचा रस्ता वेगळा आहे, तिथे ‘राजीनामा’ हा शब्द अर्जात लिहूसुद्धा नये.

पत्र अगदी साधं असावं. “मी अमुक पदाचा राजीनामा देत आहे, नेमणूकपत्राप्रमाणे माझा कामाचा शेवटचा दिवस अमुक तारीख राहील.” परदेश, व्हिसा, आजारपण, काही नाही. ‘तात्काळ प्रभावाने’ हे शब्द तर मुळीच नाहीत, त्यांनी तुमचा परतीचा रस्ता बंद होतो. एक प्रत ईमेलने, दुसऱ्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का आणि तारीख. पुढची तारीख घालून दिलेला राजीनामा ती तारीख येण्याआधी मागे घेता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये गोपालचंद्र मिश्र प्रकरणात मान्य केलंय. तिथे अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशाने १ ऑगस्ट १९७७ पासूनचा राजीनामा मे महिन्यात दिला आणि जुलैत मागे घेतला होता. खासगी कंपनीत नेमणूकपत्राच्या आणि स्थायी आदेशांच्या (कारखान्याच्या सेवानियमांच्या) अटीही बघाव्या लागतात, तरीही संशय आला त्याच दिवशी “राजीनामा मागे घेत आहे” असा ईमेल टाकायचा आणि पोच घ्यायची. फिटरला व्हिसाची पीडीएफ आली तेव्हा नोटीसचे १५ दिवस हातात होते. ठसे नाहीत हे तेव्हा कळलं असतं तर एक अर्ज पुरला असता. कळलं तोवर जागेवर ठेकेदाराचा माणूस उभा होता.

पीएफ एजंटच्या सांगण्यावरून काढू नका. नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने पोर्टलवर भरली का तेवढं बघा. नाही भरली तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी स्वतः भरता येते.

पैसे गेलेच असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. ऑनलाइन गेलेले पैसे समोरच्या खात्यात असेपर्यंतच गोठवता येतात, म्हणून तास महत्त्वाचे. यूपीआयचे यूटीआर (व्यवहार) क्रमांक, खात्यांची नावं, चॅट, पीडीएफ, सगळं जपा, रागात ब्लॉक-डिलीट करू नका. परदेशी नोकरीचा एजंट असेल तर ई-मायग्रेटवर तक्रार होते आणि १८००-११-३०९० हा टोल-फ्री नंबर आहे. ठाण्यात नुसता अर्ज देऊन परतू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा आणि एमिग्रेशन कायद्याखाली विनापरवाना भरतीचा, असे दोन्ही गुन्हे नोंदवायला सांगा.

तक्रारीची कुणकुण लागली की एजंट घरी येतो, सोबत दोन नाना-आप्पा घेऊन. “अर्धे आत्ता देतो, अर्धे दिवाळीला, उगाच पोरावर केस कशाला,” असं म्हणत १०० रुपयांचा स्टॅम्प पेपर काढतो आणि त्यावर ‘उसनवार घेतलेली रक्कम’ असं लिहून आणतो. त्यावर सही करू नका. एकदा उसनवार लिहिलं की ठाण्यात सांगतात, हा देण्याघेण्याचा वाद आहे, दिवाणी कोर्टात जा. पैसे परत देत असेल तर बँकेतून द्यायला सांगा, आणि कागदावर ‘परदेशी नोकरीसाठी घेतलेली रक्कम’ हेच शब्द राहू द्या.