एक्समोडेम की झेडमोडेम?

एक्समोडेम आणि झेडमोडेम या मोडेमने, म्हणजे संगणकाला फोनलाइनशी जोडणाऱ्या यंत्राने, फाइल पाठवण्याच्या दोन पद्धती (प्रोटोकॉल). बडोद्याहून इंदूरला एसटीडी लावून फाइल पाठवायची तर मीटर पळत असे, म्हणून ही निवड महत्त्वाची होती.

वॉर्ड ख्रिस्टेन्सन यांचा एक्समोडेम १९७७चा. फाइल १२८ बाइटांच्या ठोकळ्यांत तुकडे होऊन जाते, प्रत्येक ठोकळ्यावर ४ बाइट जादा. २४०० बीपीएसवर (सेकंदाला २४०० बिट) एक ठोकळा जायला साधारण ०.५५ सेकंद. मग पाठवणारा पोच येईपर्यंत थांबतो, प्रत्येक वेळी. चेकसम, म्हणजे चूक पकडायची बेरीज, एकाच बाइटची, त्यामुळे दोन चुका एकमेकींना झाकल्या तर खराब ठोकळाही पास होतो. शेवटचा ठोकळा भरतीच्या बाइटांनी पुरा होतो, म्हणून फाइलची मूळ लांबी बदलते. आणि एक्सऑन-एक्सऑफ (‘थांब’, ‘चालू’ सांगणारी खास अक्षरे) चालू राहिले तर हस्तांतर अडकते. ते आधी बंद करा, मोडेमची जुळणी ८ बिट, पॅरिटी (तपासणीचा जादा बिट) नाही अशी ठेवा.

चक फोर्सबर्ग यांचा झेडमोडेम १९८६चा. पोचेची वाट न पाहता सलग पाठवतो, ३२ बिटी सीआरसी (चेकसमपेक्षा कडक तपासणी) वापरतो, नाव, लांबी, तारीखही नेतो. पावसाळ्यात लाइन खरखरून तुटली तर तिथूनच पुढे सुरू होतो. अर्धी फाइल मात्र पुसू नका. लांब फाइलसाठी झेडमोडेमच घ्यावा. समोरच्या जुन्या यंत्रावर तो नसेल, तरच एक्समोडेम, शक्यतो सीआरसीवाला.