मुलींचं क्रिकेट किट: पॅड उत्तम, बॉल मात्र बदलून घ्या

2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हरमनप्रीत कौरच्या भारतीय संघानं दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवलं. साखळीत ओळीनं तीन सामने हरलेल्या पोरी जगज्जेत्या झाल्या! आता मराठवाड्यातही आईबाप मुलीसाठी लेदर बॉलचं किट विचारतात. चार हजारांच्या आतबाहेर मिळणाऱ्या किटमध्ये काश्मीर विलो लाकडाची बॅट, पॅड, ग्लोव्हज, हेल्मेट, थायपॅड (मांडीचं पॅड), गार्ड (जांघेचं कवच) आणि एक बॉल असतो.

पॅड हलके आणि चांगले. गुडघ्याची वाटी मधल्या कप्प्यात नीट बसते.

मोठा घोळ बॉलचा. त्यावर 156 ग्रॅमचा शिक्का असतो, म्हणजे तो पुरुषांचा. महिला क्रिकेटचा बॉल 140 ते 151 ग्रॅमचा, घेर 21 ते 22.5 सेंटिमीटर. फरक डोळ्यांना जाणवत नाही, बोटांना जाणवतो. तेरा वर्षांच्या मुलीची बोटं मोठ्या बॉलच्या शिवणीवर पुरेशी फाकत नाहीत, बॉल तळहातात रुततो आणि ऑफस्पिन वळण्याऐवजी नुसता ढकलला जातो. अंतिम सामन्यात दीप्ती शर्मानं 39 धावांत 5 बळी टिपले ते याच लहान बॉलनं. दुकानात 142 ग्रॅमचा, चामड्याचे चार तुकडे शिवलेला लाल बॉल मागा आणि किराणा दुकानातल्या काट्यावर टाकून बघा.

बॉल बदलला की हेल्मेटही तपासायलाच हवं. टोपीची कड आणि जाळी यांच्या फटीत तोच लहान बॉल दाबून बघा. आत शिरत असेल तर जाळी खाली-वर करून फट कमी करा. तरी जमलं नाही तर हेल्मेट परत करा. इथं तडजोड नको.

बॅट सहा नंबरची येते. मुलगी पावणेपाच ते पाच फूट असेल तर पाच नंबर बदलून घ्या. वरच्या एकाच हातानं बॅट समोर सरळ धरायला लावा. दहा सेकंदांत मनगट झुकलं तर बॅट जड आहे. जड बॅटनं कट आणि पुल उशिरा होतात, आणि मुलगी आडव्या फटक्यांना घाबरायला लागते.

नवी बॅट थेट मैदानात नेऊ नका. घाण्याचं कच्चं जवसाचं तेल चमचाभर घेऊन दर्शनी भाग, कडा आणि टोकाला पातळ हात फिरवा. दांड्याच्या सांध्याला आणि स्टिकरला तेल नको. रात्रभर आडवी ठेवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा एक हात. पुढच्या बाजूला पारदर्शक पट्टी चिकटवलेली असेल तर तिच्यावर तेल लावू नका. रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल तेल टाळा, त्याचा थर धरतो. मग लाकडी हातोड्यानं चार-सहा तास, थोडं थोडं करून, आधी हलक्या हातानं ठोका. कडांवर तिरपा मार द्या, टोकाच्या तळाला मुळीच मारू नका.

मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेली बॅट सुकून कडेला चिरते. पावसाळ्यात ओल्या मातीत टेकवलेली बॅट टोकाला फुगते. न्हाणीघर आणि पत्रा दोन्हींपासून लांब, पलंगाखाली आडवी ठेवा.

ग्लोव्हज किटमधले घेऊच नका, बोटांपुढे इंचभर मोकळं राहतं आणि दांडा हातात फिरतो. मुलींचा गार्डही वेगळ्या आकाराचा असतो, तो सुटा मागावा लागतो.