वेळागरच्या वाटेवरचं परवाना कक्षाचं हॉटेल: सुरमई चांगली, पण बघावा तो ट्रे

शिरोड्याहून वेळागर किनाऱ्याकडे उतरताना माडांच्या बागेत हे हॉटेल लागतं. पुढे फॅमिली हॉल, मागे परवाना कक्ष (परमिट रूम), मध्ये भिंत आणि एकच दार. नाव देत नाही, कारण खाली उणीही काढली आहेत. जेवणाबद्दल थोडक्यात: सुरमई तवा फ्राय रव्यात घोळवलेली, आतून ओलसर. तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं खोबऱ्याने जरा जड. सोलकढी रोजची ताजी, आमसुलाचा आंबटपणा आणि मिरची दोन्ही जाणवतात. असं जेवण या पट्ट्यात आणखीही ठिकाणी मिळतं. इथलं वेगळेपण वाढपात आहे.

सीझनला किनाऱ्यावरचं प्रत्येक हॉटेल गावातली कॉलेजची पोरं कामाला घेतं. इथेही आहेत. त्यांना हिरवा ॲप्रन: पाणी, ताटं, वडे, फिश प्लेट, जेवणाचं बिल. बाटली, पेग आणि बर्फाचं भांडं मात्र काळ्या शर्टातल्या तिघांकडेच. त्या तिघांची नावं नोकरनाम्यावर, म्हणजे दारू हाताळायची परवानगी असलेल्या नोकरांच्या कागदावर, आहेत आणि तो परवान्याशेजारी फ्रेम करून लावलाय. हिरवा ॲप्रन परवाना कक्षाचं दार ओलांडत नाही. एका गिऱ्हाइकाने पोराला खुणेने बिअर मागितली, तर तो हसून म्हणाला, "ता माझा काम नाय काका, दादाक धाडतंय." ही शिस्त शिकवल्याशिवाय येत नाही.

मालक एवढा काटेकोर का, हे कायदा वाचला की कळतं. बाल न्याय अधिनियम 2015 चं कलम 78 सांगतं की 18 वर्षांखालच्या मुलाला दारू विकायला, वाहून न्यायला किंवा पुरवायला वापरलं, तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. 'वाहून न्यायला' हा शब्द नीट बघा. काउंटरवरून तीन नंबरच्या टेबलापर्यंत बाटली नेणं त्यात बसतं. होम-स्टेवाले पाहुण्यासाठी पोराला वाइन शॉपवर पिटाळतात, तेही बसतं. आपण दारू विकत नाही, मग आपला काय संबंध, या समजात बरेच होम-स्टेवाले असतात. बरं, पाहुण्यांनी आणलेली बाटली बिनपरवान्याच्या खाणावळीत बसून प्यायला दिली, तर महाराष्ट्र दारूबंदी कायद्याचं कलम 68 मालकाला आणि 84 पिणाऱ्याला लागू शकतं, ते वेगळंच.

वेळेचंही बंधन आहे. 14 वर्षांखालच्या मुलाला हॉटेलात कामाला ठेवताच येत नाही. ढाबे, हॉटेलं, चहाच्या टपऱ्या 10 ऑक्टोबर 2006 पासूनच बंदीच्या यादीत आल्या. 14 ते 18 मधल्यांना संध्याकाळी 7 ते सकाळी 8 या वेळेत काम देता येत नाही. तीन तासांनी एक तास सुट्टी, आणि सुट्टी धरून दिवसाचे सहा तास. म्हणजे रात्रीच्या जेवणाची पंगत सतरा वर्षांच्या पोराच्या हातून निघणारच नाही. इथे दुपारच्या पाळीतले दोघं साडेसहाला सायकली काढतात. रात्रीचे हिरवे ॲप्रन सगळे अठराच्या पुढचे.

वयाचा पुरावा म्हणून मालक शाळा सोडल्याचा दाखला घेतो, आधारवर भागवत नाही. हे बरोबर आहे. जुन्या आधार कार्डांवर नुसतं जन्मसाल छापलेलं असतं, आणि वाद झालाच तर बाल न्याय कायद्याच्या कलम 94 प्रमाणे आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला बघतात, तो नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तर हाडांची तपासणी. दाखल्याची झेरॉक्स फायलीत असली की काम भागतं.

बिअरच्या काउंटरवर एक तरुण मुलगी आहे, हॉटेल मॅनेजमेंट शिकलेली. यावर गावात कुजबूज असणारच. बाईने आणि पंचविशीच्या आतल्या पुरुषाने बारमध्ये काम करायचं नाही, ही अट पंजाब अबकारी कायद्याच्या कलम 30 मध्ये होती आणि दिल्लीत लागू होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2007 मध्ये अनुज गर्ग खटल्यात ती रद्दच ठरवली. रात्री साडेनऊनंतर थांबायचं तर तिची संमती आणि घरी सोडायची सोय हवी. इथे ती साडेनऊला काउंटर सोडते.

आता उणी. गर्दीला तीन काळे शर्ट पुरत नाहीत. डिसेंबरअखेर शनिवारी रात्री बिअर यायला वीस मिनिटं लागतात आणि तोवर मासा गार होतो. अशाच वेळी नियम मोडतो, "एवढी बाटली ठेव रे" म्हणून. इथे मोडताना दिसला नाही, पण चौथा माणूस आधीच घेऊन त्याचं नाव नोकरनाम्यावर चढवून ठेवायला हवं. ऐन सीझनमध्ये ते धावपळीचं काम होतं.

दुसरं, पिणाऱ्याचं वय विचारण्यात ढिलाई आहे. तेरेखोलच्या खाडीपलीकडे गोव्यात 18 ला चालतं. महाराष्ट्रात बिअर-वाइनला 21, व्हिस्की-रमला 25. गोव्याहून परतणारी बावीस-तेवीसची पोरं इथे बसतात, बिअर मागतात ते ठीक, पण रमचा क्वार्टर मागितल्यावर कॅप्टन नुसता चेहरा बघून देतो. पिणाऱ्याला द्यायच्या एक दिवसाच्या परवान्याचं पुस्तक, विदेशी मद्याला 5 रुपयांचं, काउंटरवर आहे. पण मागितल्याशिवाय फाडत नाहीत. वाढपात एवढी काळजी घेणाऱ्याकडून ही अपेक्षा नव्हती.

पेग मात्र टेबलासमोर 30 आणि 60 च्या मापाने ओततात. बिलं दोन येतात, जेवणाचं जीएसटीचं आणि दारूचं व्हॅटचं. जेवणाचं बिल हिरवा ॲप्रन आणतो, दुसरं काळा शर्ट, आणि पैसे वेगवेगळे द्यावे लागतात. यूपीआय चालतं, पण माडांखाली रेंज कधी असते, कधी नसते, रोख ठेवा. बिअर हवी असेल तर बसताक्षणी सांगा आणि मासा त्यानंतर मागवा.