लेकीच्या जन्मतारखेचा चाकू

"भाऊ, कोणत्या सालचा पाहिजे?" विकणाऱ्याचा हा पहिलाच प्रश्न होता. तिथंच मी सावध व्हायला हवं होतं. मी उलट खूश झालो आणि महिन्यासकट सांगून बसलो: सप्टेंबर २००७.

माझी लेक त्या महिन्यातली. २०२५ च्या सप्टेंबरात ती अठराची होणार होती. पेंच, मेळघाटात पक्षी पाहत हिंडणारी पोरगी. सोनं नको, मोबाईल नको, जन्मभर टिकेल असा घडीचा चाकू द्या, असं तिनंच एकदा म्हटलं होतं. मी हिंगणा एमआयडीसीतल्या एका टूलरूममध्ये वीस वर्षं काम करतोय, चांगल्या स्टीलचं वेड मलाही आहे. क्रिस रीव्ह नावाचा मूळचा दक्षिण आफ्रिकेतला कारागीर १९८९ साली अमेरिकेत आयडाहो राज्यातल्या बॉइझी गावी आला. त्याचा ‘सेबेन्झा’ हा चाकू जगभरचे शौकीन जीव टाकून जमवतात. झुलू भाषेत सेबेन्झा म्हणजे काम. मूठ टायटॅनियमची, आणि त्या मुठीचाच एक तुकडा आत सरकून पातं अडवून धरतो, वेगळं कुलूप नाही. चाकूच्या डब्यात एक छोटं कार्ड येतं, त्यावर तो चाकू तयार झाल्याची तारीख असते. शौकीन त्याला जन्मदाखलाच म्हणतात. लेकीच्या जन्ममहिन्याचा चाकू, सोबत त्याचा जन्मदाखला! ही कल्पना डोक्यात शिरली आणि अक्कल बाहेर निघाली.

तारखांच्या बाबतीत मी अगदीच अडाणी होतो असंही नाही. माझे मामा जहाजावर होते. त्यांनी अमेरिकेतून आणलेला ‘केस’ कंपनीचा दोन पात्यांचा चाकू माझ्याकडे आहे. केसची पद्धत मजेशीर आहे. पात्याच्या बुडाशी, जिथं नख घालून पातं उघडतो त्याच्या खालच्या अंगाला, कंपनीचं नाव ठोकलेलं असतं आणि त्याखाली बारीक ठिपके. १९७० साली दहा ठिपके होते, पुढं दरवर्षी एकेक कमी करत १९७९ ला एकच उरला. १९८० ला पुन्हा दहापासून सुरुवात. मग दहा ठिपक्यांचा चाकू सत्तरचा की ऐंशीचा? ते नावातल्या ‘एस’ या इंग्रजी अक्षरावरून कळतं. ऐंशीपासून तो एस विजेसारखा कोनाकोनांचा केला, आधी तो साधा वळणाचा होता.

मामांच्या चाकूवर पाच ठिपके आहेत. मामा छातीठोक सांगायचे, "पंच्याहत्तरचा आहे." मी भिंग लावून पाहिलं तर एस विजेचा. म्हणजे १९८५. आणि मामा पहिल्यांदा अमेरिकेला गेले तेच १९८६ ला! चाकूवरची खूण आणि माणसाची कहाणी जुळवून पाहायची, हे मी तेव्हा स्वतःच करून पाहिलं होतं. तरीही ३८ हजार घालवले, हे लिहिताना कान गरम होतात.

विकणारा आमच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपमधून भेटला. राहणारा नागपूरचाच. बोलणं गोड, चाकूंची नावं तोंडपाठ. सालाबद्दल सांगितलं आणि चार दिवसांनी त्याचा मेसेज आला: "भाऊ, तुमचं नशीब जोरावर हाये. सेबेन्झा २१, सप्टेंबर २००७, डब्बा-कार्डासकट. एका एनआरआयचा हाये, त्यानं वापरलाच नाही." सोबत फोटो. तपकिरी टेबलक्लॉथ, त्यावर चहाच्या कपाचा गोल डाग, डागाच्या शेजारी चाकू आणि कार्ड. भाव ५२ हजार सांगितला, ३८ वर तुटला.

नागपूरच्या फुटाळा तलावावर भेटलो. संध्याकाळची गर्दी, मक्याच्या कणसांचा धूर. त्यानं डबा उघडला. मी काय तपासलं ते सांगतो, म्हणजे मी कुठं गाफील राहिलो ते कळेल. खिशातून लोहचुंबक काढलं. मुठीला चिकटलं नाही, म्हणजे टायटॅनियम. पात्याला चिकटलं, म्हणजे पोलाद. पातं उघडून-मिटून पाहिलं, हलत नव्हतं. कार्ड वाचलं: निळ्या शाईत तारीख, आणि त्यातल्या सातच्या आकड्याच्या पोटात एक आडवी रेघ. चाकूचं नाव, स्टीलचं नाव, सगळं होतं. मी तारखेवर बोट फिरवलं आणि २० हजार यूपीआयनं पाठवले, १८ हजार रोख मोजून दिले. रोख त्यानंच मागितले होते, "बँकेत लिमिट लागून राहिली" म्हणून.

लेकीचा वाढदिवस आला. आईनं नेहमीप्रमाणे अडवलं, "सुरी हातात देऊ नये, भांडणं होतात." मग डबा टेबलावर ठेवला आणि लेकीनं तिथून उचलला. खूप खूश झाली. रात्री मात्र फोन घेऊन माझ्या खोलीत आली.

"बाबा, हे एस३५व्हीएन म्हणजे काय?"

मी उत्साहानं सुरू झालो. क्रुसिबल नावाच्या कंपनीचं पावडरपासून बनवलेलं स्टील, आधीच्या एस३०व्ही मध्ये नायोबियम घालून केलेलं, क्रिस रीव्हच्या सल्ल्यानं...

"कधी आलं ते?"

"२००९ ला," मी म्हटलं, आणि माझाच आवाज मला ऐकू आला.

कार्डावर तारीख २००७ ची, आणि त्याच कार्डावर २००९ साली बाजारात आलेलं स्टील! जन्माआधी बारसं झालेलं. आणखी पाहत गेलो तर ‘सेबेन्झा २१’ हे मॉडेलसुद्धा २००८ चं. त्याआधी ‘रेग्युलर’ आणि ‘क्लासिक’ होते. म्हणजे एका कार्डावर दोन खोट्या गोष्टी, आणि दोन्हींची उत्तरं मला आधीपासून ठाऊक होती. मी कार्ड पुरावा म्हणून वाचलंच नव्हतं. लेकीची जन्मतारीख दिसली आणि डोळे तिथंच थांबले.

तरी मन मानेना. एखाद्या खऱ्या चाकूसोबत चुकीचं कार्ड आलं असेल, अशी समजूत घालून दुसऱ्या दिवशी तो टूलरूमला नेला. आमचे जुने फोरमन काका आहेत, रिटायर झाले तरी आठवड्यातून एकदा चक्कर मारतात. पोलादाचा कडकपणा मोजायच्या रॉकवेलच्या मशीनखाली पातं ठेवलं. काका म्हणाले, "एवढ्या महागाच्या चाकूवर डेंट मारू का?" मग माझ्या तोंडाकडे पाहून स्वतःच म्हणाले, "आता कायचा महाग बे!" डायमंडचं टोक पातं ज्या खिळीवर फिरतं त्या पिव्हटजवळ, उघडल्यावर झाकलं जातं त्या जागी टेकवलं. आकडा ५४ आला. असं स्टील नीट पाणी दिलेलं असेल तर साठच्या घरात यायला पाहिजे. स्क्रू उघडून पाहिलं तर आतले वॉशर पितळेचे, हातानं कापल्यासारखे, एकाच्या कडेला कापताना निघालेली धातूची बर तशीच. बाहेरचं फिनिश मात्र इतकं सुंदर की काकांनीही मान डोलावली. "हात चांगला हाये याचा," म्हणाले. "चोरीला लावला."

पोलिसांत गेलो. तिथं पहिला प्रश्न आला तो चाकूच्या लांबीचा. फसवणुकीची तक्रार द्यायला चाकू खिशात घालून ठाण्यात जाऊ नका, फोटो न्या. माझं पातं साडेतीन इंचांच्या जरा वर, आर्म्स अॅक्टच्या नियमांतला आकडा ९ इंच लांबी किंवा २ इंच रुंदीचा आहे, त्यामुळे तिथं अडचण आली नाही. पण शहरात सणासुदीला हत्यारबंदीचे आदेश निघत असतात, तेव्हा असला शौक घरातच बरा. यूपीआयचे २० हजार गेले होते म्हणून त्यांनी सायबर पोर्टलवर तक्रार करायला लावली. १९३० या सायबर हेल्पलाईनवर फोन पहिल्याच दिवशी, पैसे गेल्याबरोबर करायचा असतो, तेव्हा कुठं पुढच्या खात्यात पैसे अडवता येतात. माझे दोन महिने उलटून गेले होते. रोख दिलेल्या १८ हजारांना तर कागदच नाही. विकणाऱ्याचा तो नंबर आता बंद आहे.

तेव्हापासून ग्रुपवर कुणी जुना चाकू टाकला की मी आधी तारीख बाजूला ठेवतो. तारीख ठोकणं हे चाकू बनवण्यापेक्षा फार सोपं काम आहे. मायक्रोटेक या अमेरिकन कंपनीच्या पात्यावर महिना आणि साल सरळ अंकांत असतं, सोबत क्रमांकही, आणि नकला करणारे दोन्ही कोरून देतात. शिवाय त्यांचे बटण दाबताच उघडणारे चाकू आपल्याकडे कायद्याच्या दृष्टीनं नसती आफत, त्या वाटेला जाऊच नये. बक या दुसऱ्या अमेरिकन कंपनीच्या चाकूवर १९८६ पासून मॉडेल नंबरशेजारी दरवर्षी एक वेगळं चिन्ह असतं, त्याची यादी कंपनीच देते. पण बक २००५ ला कॅलिफोर्नियातून आयडाहोला गेली, मग डब्यावरचा पत्ता आणि चिन्हाचं साल एकमेकांना धरून आहे का ते पाहायचं. स्विस सैनिकांच्या १९६१ च्या नमुन्याच्या अॅल्युमिनियम मुठीच्या चाकूवर सालाचे शेवटचे दोन आकडे असतात. हा नमुना २००८ पर्यंत सैन्याला मिळत होता, त्यापुढचे आकडे कुणी दाखवले तर हात आखडायचा. आणि सेबेन्झाची तारीख तर चाकूवर नसून सुट्या कार्डावर! कार्ड एकीकडे, चाकू दुसरीकडे, जुळवणारा तिसराच. त्यामुळे स्टील कोणतं, मॉडेल कधी आलं, स्क्रू आणि वॉशर कसे आहेत, हे आधी पाहायचं. तारीख त्यांना साक्षीदार म्हणून शेवटी बोलवायची.

आणि काय पाहिजे ते साल विकणाऱ्याला सांगायचं नाही. "तुमच्याकडं काय काय आहे?" एवढंच विचारायचं. मी साल सांगितलं म्हणून माझ्या सालचा चाकू जन्माला आला.

लेकीला शेवटी मामांचा तो केस कंपनीचा चाकू दिला. पाच ठिपके तिनं भिंगाखाली स्वतः मोजले, एस पाहिला, आणि मामांच्या पासपोर्टावरचा शिक्का शोधून काढायला आजीच्या ट्रंकेत शिरली. पासपोर्ट मिळाला, शिक्का १९८६ चाच होता.

गेल्या आठवड्यात एका नव्या नंबरवरून आमच्या दुसऱ्याच ग्रुपवर ‘इम्पोर्टेड फोल्डिंग’ची जाहिरात आली. मी एका मित्राला त्याच्याशी बोलायला लावलं. "फेब्रुवारी २०१४ चा सेबेन्झा पाहिजे," एवढंच त्यानं लिहिलं. तिसऱ्या दिवशी फोटो आला. सेबेन्झा २१, एस३५व्हीएन, फेब्रुवारी २०१४. मी मॉडेल पाहिलं, स्टील पाहिलं, साल पाहिलं. या खेपेला कुठं बोट ठेवायला जागा नव्हती, सगळं एकमेकांना धरून होतं. मग मित्राचा फोन घेऊन फोटो मोठा केला. खाली तपकिरी टेबलक्लॉथ होता, आणि कार्डाच्या डाव्या कोपऱ्याशी चहाच्या कपाचा तो गोल डाग.