रीफ टँकचा एलईडी: साधा डबा की प्रोग्रॅमचा दिवा?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या मित्राचा दोन फुटी रीफ टँक, म्हणजे प्रवाळ ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी, तयार आहे, घोडं अडलंय दिव्यावर. एक पर्याय साधा डबा, म्हणजे डब्याच्या आकाराचा स्वस्त एलईडी; दुसरा प्रोग्रॅमचा दिवा, म्हणजे उजेड ठरवल्याप्रमाणे आपोआप कमी-जास्त करणारा. वॉटचा आकडा बाजूला ठेवा. प्रवाळाच्या पेशींत राहणाऱ्या शैवालाला मुख्यतः ४०० ते ४८० नॅनोमीटरचा निळसर प्रकाश लागतो, आणि बरे डबेही तो देतात.

खर्चात डबा सरळ जिंकतो. दुरुस्तीतही: सुटा डायोड गेला तर सोल्डरिंग येणारा कोल्हापूरचा कारागीर बदलून देईल. प्रोग्रॅमच्या दिव्याचा बोर्ड गेला की बहुधा पुण्या-मुंबईला पाठवा, तोवर टँक अंधारात. मीठ दोघांच्याही पंख्यावर चढतं. पुसायचा आळस नको.

खरा फरक नियंत्रणात. डब्याला बहुतेकदा निळा आणि पांढरा असे दोनच डिमर, टायमर लागला की एकदम लख्ख. प्रोग्रॅमचा दिवा सकाळी हळूहळू चढतो, संध्याकाळी तसाच उतरतो. नवं प्रवाळ आणल्यावर काही आठवडे उजेड टप्प्याटप्प्याने वाढवणं त्यात आपोआप होतं. एकदम जादा उजेड पडला तर प्रवाळ पांढरं पडतं, म्हणून मला हे फार मोलाचं वाटतं.

झोआ, मश्रूम, लेदर ही सांभाळायला सोपी प्रवाळं एवढंच ठेवणार असाल तर डबा पुरे. डिमर हाताने फिरवा. अ‍ॅक्रोपोरा (जास्त उजेड मागणारं, नाजूक कठीण प्रवाळ) हवा असेल तर थांबा, पैसे साठवा आणि प्रोग्रॅमचाच घ्या.