माय ड्राइव्हमधला शेअर्ड फोल्डर की शेअर्ड ड्राइव्ह?

ऑफिसच्या फाइल्स गूगल ड्राइव्हवर असतील तर हा फरक आधी समजून घ्या. माय ड्राइव्ह म्हणजे ड्राइव्हमधली प्रत्येकाची स्वतःची जागा, तिथला फोल्डर शेअर केला तरी त्यातली फाइल ज्याने बनवली त्याच्याच नावावर राहते. आमच्याकडे एक सहकारी नोकरी सोडून गेली, तिचं अकाउंट डिलीट करताना फाइल्स कोणाच्या नावावर करायच्या हे कुणी बघितलंच नाही आणि 3 वर्षांच्या कोटेशनच्या शीट्स गेल्या, फार वाईट वाटलं, कारण मेहनत सगळ्यांची होती. अ‍ॅडमिनला 20 दिवसांत अकाउंट परत आणता येतं, पण आम्हाला कळलं तेव्हा महिना उलटला होता.

शेअर्ड ड्राइव्हमध्ये (2017 मध्ये आलं तेव्हा टीम ड्राइव्ह म्हणायचे) फाइल संस्थेच्या मालकीची, माणूस गेला तरी ती तिथेच. कोण नुसतं बघणार, कोण एडिट करणार, हेही ठरवता येतं. फक्त साध्या फुकट जीमेलवर हे बनवता येत नाही, वर्कस्पेस (गूगलची ऑफिस-संस्थांसाठीची सेवा) लागतं.

कच्चं काम, स्वतःच्या नोट्स माय ड्राइव्हमध्ये ठेवा, काही हरकत नाही. पण बिलं, करार, क्लायंटच्या फाइल्स? माझं मत विचाराल तर शेअर्ड ड्राइव्हच, आणि कुणी राजीनामा द्यायच्या आधीच हलवा.