रंगवलेल्या मुनिया ‘कलर फिंच’ म्हणून गळ्यात मारतात, सांभाळून!

पुणे-पिंपरी भागातल्या पाळीव पक्ष्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या ‘इम्पोर्टेड कलर फिंच’ नावाने जोड्या विकायला येतात. फिंच म्हणजे दाणे टिपणारे छोटे पक्षी. हिरवी पाठ, पिवळं पोट, गुलाबी डोकं, आणि भाव जोडीला बाराशे. खऱ्या गोल्डियन फिंचच्या जोडीला काही हजार मोजावे लागतात, त्यामुळे माणसाला हा भाव एकदम आवाक्यातला वाटतो. आमच्याकडे आधीपासून झेब्रा फिंच आहेत. लेकीला आणखी रंगीत पक्षी हवे होते, म्हणून दोन जोड्या घेतल्या.

विकणारा बोलायला एकदम गोड. प्रत्येक पक्ष्याच्या पायात प्लॅस्टिकची रिंग होती. “ताई, रिंग बघा ना, ब्रीडिंगचा माल आहे, जंगलातला नाही,” असं त्याने स्वतःहूनच सांगितलं. जाताना एक सूचना दिली, आणि सगळी मेख तिथेच होती. “नवीन जागा आहे, सर्दी होईल, महिनाभर आंघोळीला पाणी ठेवू नका. प्यायला छोटी बाटली लावा.”

फिंच पाळणाऱ्या कुणालाही विचारा, हा पक्षी आंघोळीचा किती शौकीन असतो ते. आमच्या झेब्रांना सकाळी पसरट भांडं दिलं नाही तर ते प्यायच्या वाटीतच अंग बुडवतात. नवे पक्षी मात्र माणूस जवळ गेला की जाळीवर धडका घ्यायचे, रात्रीसुद्धा. पिंजऱ्यात जन्मलेला फिंच बुजतो, पण असा जिवाच्या आकांताने आपटत नाही. राळा खायचे, कॅल्शियमसाठी ठेवलेल्या समुद्रफेसाला तोंड लावायचे नाहीत, नराचं गाणं नाही, घरट्यासाठी टांगलेल्या मडक्यात कुणी डोकावायचं नाही.

मग एके दुपारी उकाडा फार होता म्हणून लेकीने झेब्रांसारखंच त्यांनाही भांडं ठेवलं. चौघेही तुटून पडले. थोड्या वेळाने भांड्यात हिरवट-गुलाबी पाणी, आणि दांडीवर चार तपकिरी पक्षी. पोटावर पांढरे-तपकिरी खवल्यांसारखे ठिपके, चोच जाड आणि काळसर. मावळातले माझे सासरे बघताक्षणी म्हणाले, “अगं, ही तर आपल्या भातखाचरातली मनोली!” बरोबर होतं त्यांचं. ती ठिपकेवाली मनोली, म्हणजे बाजारात जिला मुनिया म्हणतात ती. जाळं टाकून पकडायची, रंगात बुडवायची आणि परदेशी म्हणून विकायची. हा धंदा जुना आहे. नवीन आहेत ते फक्त ग्रुप आणि ऑनलाइन पैसे.

पैसे गेले याचं मला फार नाही. खरा फास पुढे आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली आपल्याकडचे रानपक्षी पकडणं, विकणं आणि घरात बाळगणं, तिन्ही गुन्हे आहेत. देशी पक्ष्यांची खरेदी-विक्री तर १९९०-९१ पासूनच बंद आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची होऊ शकते. झेब्रा फिंच मूळचा ऑस्ट्रेलियाचा आणि पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेला, त्याची गोष्ट वेगळी. म्हणजे ज्याने फसवलं तो गुन्हेगार, आणि पिंजरा ज्याच्या बाल्कनीत तोही अडचणीत. मी फोन केल्यावर तो गोड माणूस नेमकं हेच म्हणाला, “करा तक्रार. पक्षी तुमच्या घरात सापडतील, माझ्या नाही.” गिऱ्हाईक घाबरून गप्प बसतं किंवा पक्षी गच्चीवरून उडवून देतं, यावरच त्याचा धंदा चालतो.

आम्ही वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करून सगळं खरं सांगितलं. व्यवहाराचे स्क्रीनशॉट आणि पैसे भरल्याची नोंद दाखवली. त्यांनी पक्षी ताब्यात घेतले, आम्हाला कुणी त्रास दिला नाही. तीनच पक्षी दिले, चौथा तोवर मेला होता. रंगाने पिसं चिकटून राठ झाली होती, त्यामुळे नवी पिसं येईपर्यंत त्यांना मोकळं सोडता येणार नाही असं कळलं. म्हणून पक्षी परस्पर उडवून देऊ नका. भडक रंगाचा, धड उडता न येणारा पक्षी कावळ्याच्या तावडीत लगेच सापडतो.

रिंगबद्दल सांगायलाच हवं, कारण तिच्यावर लोक डोळे झाकून विश्वास ठेवतात. सांधा नसलेली बंद रिंग पिल्लू काही दिवसांचं असतानाच पायात सरकवता येते, पुढे पंजा मोठा होतो. सांधा उघडून बसवायची रिंग मात्र कुठल्याही पक्ष्याला कधीही घालता येते. आमच्या पक्ष्यांच्या पायांत दुसऱ्या प्रकारची होती. तेव्हा रिंग आहे का हे विचारू नका, तिला सांधा आहे का ते बघा. ओल्या कापसाने छाती पुसून पाहा. रंग पक्का असेल तर कापूस कोराच राहील, म्हणून छातीवर फुंकर मारून पिसांच्या खालची कातडी बघा. चोचीच्या कडा आणि बोटांच्या बेचक्याही बघा, रंग तिथे हमखास लागलेला असतो.

बंगाली फिंच या दुसऱ्या पाळीव फिंचची ‘पक्की’ म्हणजे खात्रीची नर-मादी जोडी म्हणून विकतात, तो घोळ याच्यापुढे किरकोळ म्हणायचा. त्यात नर-मादी दिसायला सारखेच, गातो तो नर. गाणं न ऐकवता जोडी विकणाऱ्याकडून दोन माद्या मिळाल्या तर नवल नाही.

आमचा विक्रेता आता दुसऱ्या नावाने, दुसऱ्या ग्रुपवर तेच फोटो टाकतोय. ते स्क्रीनशॉटही वन विभागाला पाठवले आहेत. मधे बहिणीच्या नंबरवरून मी त्याला एवढंच विचारलं, “पक्षी आंघोळ करतानाचा व्हिडिओ मिळेल का?” निळ्या टिका आल्या, आणि लगेच नंबर ब्लॉक.